उकिडव्यांची मिरवणूक

या मार्गिकेत खाली बसण्यास सक्त मनाई आहे. – व्यवस्थापन

*

पडदे शिवणाऱ्या बाईला दोन निळ्या रंगांतला फरक विचारू नये. ती दोऱ्याची रिळं काढून उजेडात धरायला लागते आणि मग तुमची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

*

बसचालकाचा पाय सुट्टीच्या दिवशीही ब्रेक शोधत असतो.

*

लाल बूट. टाचेत दिवे. पाय जोरात आपटला तरच लागतात. हळू चालणाऱ्याच्या वाट्याला नुसतेच लाल बूट.

*

"अगं, थंडी वाजतेय ना तिला! ओठ बघ कसे झालेत. स्वेटर घाल की." एका अनोळखी बाईने हे भर रस्त्यात सांगितलं. ऊन इतकं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं.

*

एका आजोबांचे गुडघे.

*

छताकडे बघत कुठेही जाता येतं. आपण कुठे चाललोय तेवढं मात्र कळत नाही.

*

आता हे सगळं एका खाटेपाशी आणतो.

खाट हृदयाचा आजार असलेल्या मुलांच्या वॉर्डात, खिडकीला लागून. तिच्यावर सहा वर्षांची मुलगी, पुढचे दात पडलेली. नाव आहे तिला, पण वॉर्डात सगळे फौजदार म्हणतात. दाखल झाली त्याच दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांच्या घोळक्याला तिने "गर्दी करू नका, रांगेत उभे राहा," असं सांगितलं आणि ते राहिले. लाल बूट तिचे. पडदे शिवते ती तिची आई. बसचालक म्हणजे बाबा.

तिच्या हृदयाची जोडणी जन्मापासूनच चुकलेली होती. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, आतल्या भिंतीला भोक. त्यामुळे शुद्ध रक्तात अशुद्ध रक्त मिसळायचं आणि ओठ, जीभ, नखं निळी पडायची. धावली की निळी. फार हसली की निळी. रडली की सगळ्यात निळी, कधी कधी शुद्ध हरपेपर्यंत. यावर तिने दोन वर्षांची असतानाच, कोणी न शिकवता, स्वतःचा उपाय काढला होता. दम लागला की असेल तिथे उकिडवं बसायचं, गुडघे छातीशी घट्ट आवळून. तसं बसलं की फुप्फुसाकडे जास्त रक्त जातं आणि रंग परत येतो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की अशी बरीच मुलं हे आपलं आपणच शोधून काढतात. आपलीच पोर जगावेगळी हुशार असं समजून बसलेली आई त्या दिवशी जराशी हिरमुसली होती.

पण लोकांना काय माहीत? बसथांब्यावर, दुकानात, शाळेच्या जिन्यात ही बसली की कोणीतरी हटकणारच. "ऊठ गं, वाटेत काय बसतेस?" "लाड करून ठेवलेत नुसते." आई सुरुवातीला समजावून सांगायची. मग थोडक्यात सांगायला लागली. मग सांगायचंच सोडलं आणि नुसती बघायला लागली. आईचं ते बघणं असं होतं की माणसं घाईने आपापल्या बसमध्ये चढायची. ती बस त्यांची नसली तरी.

*

वॉर्डाच्या टोकाला एक खोली होती, खेळघर. ते चालवायच्या त्या खेळताई. सुई कुठे टोचणार ते बाहुलीला टोचून दाखवणं, ऑपरेशन म्हणजे काय ते ठोकळ्यांवर समजावणं, घरी राहिलेल्या भावंडांशी फोनवर भांडणं, आणि ज्या आईबापांना बोलायचं नसतं त्यांच्याशेजारी न बोलता बसणं, हे त्यांचं काम. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून. कुजबुजल्या तरी पलीकडच्या वॉर्डातली माणसं माना वळवायची.

फौजदारच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मार्गिकेत चालता चालता ती खाली बसली. कोणाला तरी भेटायला आलेले एक गृहस्थ फुलांचा गुच्छ सांभाळत म्हणाले, "अगं ऊठ, फरशी घाण असते." मागून खेळण्यांची टोपली घेऊन खेळताई येत होत्या. त्यांनी टोपली ठेवली आणि धप्पकन तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. आईला वाटलं, बाईंना चक्कर आली. ती धावली.

"काही नाही हो," खेळताई म्हणाल्या, "सोबत म्हणून."

मग आईपण बसली. ते गृहस्थ तिघींकडे बघत राहिले, मग त्यांनीही गुच्छ बगलेत मारला आणि बसले. का बसलो ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं.

तेव्हापासून वॉर्डाची रीतच झाली. एकाने बसलं की आसपासच्या सगळ्यांनी बसायचं. त्याला नाव पडलं सभा. उभा राहील तो खांब. शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या आजोबांना ही रीत फार आवडली, फक्त त्यांचे गुडघे वाकत नव्हते. ते काठीवर दोन्ही हात ठेवून कमरेत वाकायचे आणि म्हणायचे, "मी मनाने बसलोय. धरा मला सभेत."

"नुसतं मनाने नाही चालत," फौजदार म्हणायची.

"अहो फौजदार, मन तरी वाकलंय. आमच्या वयाला तेच अवघड."

यात नवीन व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता. एकदा स्ट्रेचर नेणारा सभेला अडखळून पडता पडता वाचला आणि ते त्यांनी पाहिलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली. पाटीवर काय होतं ते सुरुवातीला आलंच आहे. फौजदारला अजून जोडाक्षरं धड वाचता येत नव्हती. तिने बाबांना विचारलं, "काय लिहिलंय?"

बाबांनी पाटी नीट वाचली. "लिहिलंय, खाली बसताना आजूबाजूला बघून बसावे."

*

ट्रॉलीबद्दल सांगायचं राहिलं.

ऑपरेशनआधीच्या एका तपासणीला फौजदारला ट्रॉलीवरून नेलं होतं. उताणी, पोटावर पट्टा. आई बाजूने चालत होती, पण तिला आई दिसत नव्हती. छत दिसत होतं. छताचे चौकोन, नळीसारखे दिवे, परत चौकोन. कोणीतरी न सांगता वळवत होतं. ती रडायला लागली, रडता रडता निळी झाली, आणि पट्टा होता म्हणून तिला बसता येईना. पुढचं आई सांगत नाही. तपासणी त्या दिवशी झाली नाही, एवढं सांगते.

आता ऑपरेशन ठरलं. मोठं, छाती उघडून, आतली जोडणी नव्याने करायची. आदल्या दिवशी फौजदारने जाहीर केलं, "मी झोपून जाणार नाही. चालत जाणार."

"अगं, त्या बाजूच्या इमारतीत आहे ते. केवढं लांब," आई म्हणाली.

"मग लांब चालणार."

"नियम आहे बाळा ट्रॉलीचा."

"झोपलं की छतच दिसतं. कोण कुठे नेतंय ते मला बघायचंय."

आई म्हणाली, हट्ट करू नकोस. सहा वर्षं ती हेच तर म्हणत आली होती, वेगवेगळ्या शब्दांत. हळू. धावू नको. जोरात हसू नको. रडू नको, प्लीज रडू नको. व्यवस्थापक विचारायला आले तेव्हा ती म्हणाली, हो, ट्रॉलीनेच नेऊ. फौजदारने भिंतीकडे तोंड केलं आणि जेवायच्या वेळेपर्यंत कोणालाही हुकूम सोडला नाही. वॉर्ड इतका शांत की आजोबांनी दोनदा येऊन विचारलं, "बरी आहे ना ती?"

*

सकाळी ट्रॉली आली.

फौजदारने खाटेचा कठडा दोन्ही हातांनी धरला. ओरडली नाही. खालचा ओठ दातांच्या फटीत ओढून धरला. बोटाला लावलेल्या चिमट्याच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागला, पण आईने आकडा पाहिलाच नाही. ती ओठ बघत होती. आईला तो रंग पाठ होता. दुकानात त्याचं रीळ खालच्या खणात असतं. साधा दिवस असला की फिकट जांभळा, जिना चढली की सुरमई. आत्ताचा सुरमईच्या पुढे निघाला होता.

"थांबा," आई म्हणाली. "ती चालत जाईल."

व्यवस्थापक दारातच होते. "ताई, काल तुम्ही हो म्हणालात."

"काल म्हणाले. आज नाही म्हणतेय."

"असं मनाला येईल तसं नाही चालत इथे. सिस्टर, नियम काय आहे?"

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर हातमोजे काढत पुढे आल्या. "नियम ट्रॉलीचा आहे, सर."

"मग?"

"मग पोर रडेल. रडली की निळी पडेल. निळी पडली की भूल देणारे डॉक्टर आजचं रद्द करतील. मग नवी तारीख मागायला हिच्या आईला मी तुमच्याच केबिनमध्ये पाठवते. खुर्च्या आहेत ना तिथे पुरेशा? एकट्या नाही येणार त्या."

खेळघराच्या दारात खेळताई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्यामागे आजोबा. आजोबांच्या खांद्यावर बाळ. बाळ व्यवस्थापकांकडेच बघत होतं.

सिस्टरांनी सर्जनबाईंना फोन लावला. सगळ्यांना अर्धंच संभाषण ऐकू आलं. "हो. हो. चालतच म्हणतेय. नाही, अजून नाही रडली. बरं. बरं." फोन ठेवला. "म्हणाल्या, चालू दे, थांबत थांबत. काय वाटेल ते करा पण रडवू नका. चाकाची खुर्ची मागून ठेवते मी, ऑक्सिजनचा सिलिंडर त्यात. वाटलंच तर बसवू."

"आणि वाटेत काही झालं तर? जबाबदारी कोण घेणार?" व्यवस्थापकांनी विचारलं. खरंच विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"सहा वर्षं कोणी घेतली होती?" आई म्हणाली, आणि बूट शोधायला खाटेखाली वाकली.

*

सभा पहिली. औषधांच्या कपाटाजवळ.

हॉस्पिटलचा हिरवा झगा, खाली लाल बूट. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. मागे खेळताई, आजोबा, बाळ, दोन आया ज्यांची मुलं झोपली होती, सगळ्यात मागे सिस्टर आणि सिलिंडर ठेवलेली कुरकुरणारी खुर्ची. व्यवस्थापक बाजूने चालत होते, आपण यांच्यातले नाही असं दिसेल इतक्या अंतरावर.

कपाटाजवळ फौजदार थांबली आणि बसली. बाबांनी बसमधला आवाज काढला. "औषधाचं कपाऽट! उतरणाऱ्यांनी पुढे या, धक्काबुक्की करू नका!"

सगळे धपाधप बसले.

"बाबा, हळू बोल, आजारी माणसं आहेत."

"माफ करा फौजदार."

गुडघे छातीशी. श्वास. श्वास. तिच्या मानेवरची शीर आधी जोरात, मग नुसतीच उडायला लागली. तिने मान हलवली. सगळे उठले. खेळताईंचा गुडघा फटाकडीसारखा वाजला आणि बाळ हसलं.

*

सभा दुसरी. काचेच्या पुलावर.

दोन इमारतींना जोडणारा पूल. दोन्हीकडे काचा, खाली गाड्यांची रांग, समोर सकाळचं ऊन. इथे ती अर्ध्यातच बसली. बरीच बसली. ऊन फरशीवर पसरलेलं आणि त्यात एवढी माणसं गुडघ्यांना मिठी मारून. समोरून फाइल घेऊन येणारा एक तरुण दचकून थांबला.

"काय हरवलंय का?" तो वाकून फरशीवर बघायला लागला.

"श्वास," बाबा म्हणाले. "सापडेल आत्ता."

तरुणाला काही कळलं नाही, पण तो बसला. लादी पुसणारी बाई फडकं बादलीत टाकून बसली. पुलावर आता उभे होते ते फक्त व्यवस्थापक. आजोबा होतेच, पण ते वाकलेले. मघाशी निघताना व्यवस्थापक सगळ्यांच्यात सगळ्यात मोठे वाटत होते. आता नुसतेच उंच वाटत होते.

"साहेब," आजोबा खालूनच म्हणाले, "उभे राहा, तुमची मर्जी. पण जरा बाजूला व्हाल का? पोरीवर सावली पडतेय तुमची."

व्यवस्थापक बाजूला झाले. खिशातून फोन काढला, काही न बघताच परत ठेवला.

फौजदार त्यांच्याकडे बघत होती. "खांब," ती खेळताईंच्या कानात म्हणाली. मग जरा विचार करून, "पण चांगला खांब आहे. सरकतो."

आई तिची नखं बघत होती. सुरमई. सुरमईच. मग फिकट. "चल?" तिने विचारलं. एरवी ती म्हणाली असती, बस अजून. थांब अजून. आज तिने विचारलं.

"मी सांगेन," फौजदार म्हणाली. आणि सांगितलं.

*

लिफ्टमध्ये सभा नाही झाली. जागाच नव्हती. लिफ्टच्या आरशात फौजदारने स्वतःला जीभ काढून दाखवली. जीभ जांभळी.

"आज ही बदलणार ना?"

"जीभ तीच. रंग बदलणार," खेळताई म्हणाल्या.

"कुठला येणार?"

खेळताईंनी आरशात स्वतःची जीभ काढली. मग बाबांनी. मग सिस्टरांनी आधी लिफ्टच्या दाराकडे बघून घेतलं आणि मग. आईने एकटीने जीभ काढली नाही. बाकीच्या जिभा तिला दिसत होत्या, पण त्यांच्यातली एखादी आपल्या पोरीच्या तोंडात असू शकते हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

*

सभा शेवटची. लाल रेघ.

ऑपरेशनच्या खोल्यांच्या दाराआधी जमिनीवर लाल रेघ आहे. त्यापुढे नातेवाइकांनी जायचं नाही. फौजदार रेघेवरच बसली, एक पाऊल इकडे, एक तिकडे. टोपी घातलेल्या सर्जनबाई दार ढकलून बाहेर आल्या, समोरची वरात पाहिली, काही विचारलं नाही, बसल्या. त्यांना छान बसता येत होतं.

"आलीस चालत?"

"हो."

"आतपण चालतच?"

"दिवे वर असतात का आत?"

"असतात. मोठे. पण मी आधी तुला सगळं दाखवते, मग तू झोपायचं. तू सांगशील तेव्हा."

फौजदारने हे तपासून घेतलं, सर्जनबाईंच्या डोळ्यांत बघून. पटलं. उठली. रेघेपलीकडे गेली आणि वळली.

"बाबा, तू जेवून घे. माझ्यासाठी उपाशी राहिलायस ते मला कळलंय. आजोबा, बाळाला खाली ठेवा, खांदा दुखेल. आई, तू रडायचं नाही."

"नाही रडत."

"रडलीस तर निळी होशील."

मग तिने पाय आपटला. टाचेतले दिवे लागले. दुसरा आपटला. दार बंद होईपर्यंत ती आपटतच गेली. त्याआधी आईने तिला एवढं जोरात चालू दिलं नव्हतं.

आई रडली नाही. तिने रेघेवर नजर रोखली, बसथांब्यावर माणसांवर रोखायची तशी. घे बघू माझी पोर, असं काहीतरी त्या नजरेत होतं. घे बघू.

*

दाराबाहेर काय काय बोललं गेलं, जसं आठवेल तसं:

"चहा घ्या थोडा."

"त्या घड्याळाकडे नका बघू, ते बंदच आहे."

"माझ्या धाकट्याच्या वेळी मी इथे बसून अख्खा स्वेटर विणला. एक बाही लांब झाली."

"बोलावलं का? नाही. दुसऱ्या कोणाला तरी."

"अहो, जेवा. फौजदारांचा हुकूम आहे."

"मी जेवतोय. हे बघा, जेवतोय."

"काल मी तिला हट्टी म्हटलं."

"मग? आहेच ती हट्टी. नाहीतर इथवर आली असती का?"

हे शेवटचं खेळताई म्हणाल्या. त्यावर आई हसली. हसून झाल्यावर तिने बाबांच्या डब्यातला एक घास खाल्ला.

*

संध्याकाळी एकट्या आईला आत सोडलं. पायांत कापडी मोजे, अंगावर झगा. मोठी खोली, यंत्रांचे आवाज, आणि नळ्यांच्या मधोमध पोर. झोपलेली. छातीवर पांढरी पट्टी. आई जवळ गेली आणि ओरडली.

"सिस्टर! सिस्टर, बघा हो हिला काय झालंय!"

आतल्या सिस्टर धावत आल्या. पडद्यावरच्या रेषा पाहिल्या, नळ्या पाहिल्या, ठोके पाहिले. "काय झालं? कुठे?"

"ओठ बघा! लाल झालेत! कान बघा, नखं बघा... ताप चढलाय, रक्त वाहतंय आत कुठेतरी, डॉक्टरांना बोलवा ना!"

सिस्टरांनी परत पडदा पाहिला. मग पोरीचे ओठ पाहिले. मग आईकडे. तोंडावरची पट्टी त्यांनी हनुवटीखाली ओढली.

"ताई, अहो, असाच असतो रंग. मुलांचा."

आईला ते कळलंच नाही. तिच्या सगळ्या रिळांत हे रीळ नव्हतं. "नाही हो, तुम्ही हिला आधी पाहिलं नाही. ही अशी नसते."

"तुमचा हात द्या," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी आईचं बोट धरून पोरीच्या बोटाशेजारी ठेवलं. दुसऱ्या बाजूला स्वतःचं. तीन नखं एका रांगेत. आईने ती खूप वेळ पाहिली, पडद्याचं कापड आणि दोरा उजेडाला धरून पाहावा तशी, पोरीचं नख जरा तिरकं करून, परत सरळ करून.

मग तिला एकदम दम लागला. ती खाटेच्या पायाशी उकिडवी बसली, गुडघे छातीशी घट्ट आवळून. सिस्टरांनी इकडे तिकडे पाहिलं. या खोलीत ही रीत नव्हती. पण त्या बसल्या.

*

घरी जायचा दिवस. टाके सुकलेले, पिशव्या भरलेल्या. फौजदार पुढे, बाकीची वरात मागे. आजोबा निरोप द्यायला बाळाला घेऊन आले. बाळाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. नियमांच्या वहीत ट्रॉलीचा नियम अजून आहेच. त्याखाली सिस्टरांनी पेनने लिहिलंय, चालता येत असेल तर चालत. ते कोणी खोडलेलं नाही. अर्थात बाळाला अजून चालता येत नाही. पण आजोबांनी सांगून ठेवलंय की उचलून नेईन, उभं धरून, त्याला सगळं दिसेल असं.

पाटीखाली आल्यावर फौजदार एकदम थांबली आणि वाकली.

धपाधप. बाबा पिशवीसकट, आई, खेळताई, तीन नवीन आया, सगळे खाली. आजोबा मनाने. समोरून येणारे व्यवस्थापक जागच्या जागी थबकले, भिंतीला चिकटून उभे राहिले आणि वाट मोकळी केली.

फौजदारने बुटाचा पट्टा आवळून लावला. उभी राहिली. बघते तो आजूबाजूला कोणीच नाही. सगळे खाली. माणसांची डोकी तिने वरून कधी पाहिलीच नव्हती.

"बाबा, तुझ्या डोक्याला मध्ये केस नाहीत."

बाबांनी हात फिरवून पाहिला.

"पण तुम्ही सगळे का बसलात?"

 खेळताई तिच्या बुटाच्या पट्ट्याकडे बघून हसायला लागल्या.

"उठा," फौजदार म्हणाली. "उशीर होतोय." आणि ती धावली. मार्गिकेच्या टोकाच्या दाराकडे, टाचेतले दिवे लखलख करत, धपधप, अंगात भिनलेल्या सहा वर्षांच्या सगळ्या 'हळू'ला तुडवत.

आईच्या ओठांवर तो शब्द आला. तिने तो तिथेच धरला, गिळला, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.

फौजदार जन्मली तेव्हा एका डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, नाव ठेवायची घाई करू नका. आईने त्याच दुपारी ठेवलं.